न मागणाऱ्या गावची सुन्वा

हामरबो या बेटावरच्या गावात कुणाचं काही अडलं तर ते त्याने सांगायचं नसतं, बाकीच्यांनी ओळखायचं असतं. खालच्या घरचा पॉल आंद्रियास, म्हातारा ब्रह्मचारी, एका हिवाळ्यात बर्फावरून घसरला. पायाचं हाड मोडलं, तरी कुणाला न सांगता तसाच सरपटत घरात जाऊन पडला. सकाळी त्याच्या स्वयंपाकघराचा पडदा उघडला नाही, गावाला एवढं पुरे झालं. दुपारपर्यंत त्याच्या टेबलावर केक, उकडलेले बटाटे, मुरंब्याच्या बरण्या आणि सुक्या मटणाची अख्खी तंगडी येऊन पडली. आणणारा दार न वाजवता आत येई, ताट ठेवी, "थंडी आहे" म्हणे आणि जाई. कुणीतरी परस्पर डॉक्टरलाही कळवलं. डॉक्टर आला तेव्हा पॉल म्हणाला, "पायाचं राहू द्या हो, आधी पोटाचं बघा. तीन घरचे केक खाल्लेत, नाही म्हणता येत नाही."

गाव हे असं. कुणाच्या दारात जाऊन "मला अमुक हवंय" म्हणणं ही मोठी लाज, आणि ती मागणाऱ्याची नव्हे, शेजाऱ्याची. तुला डोळे नाहीत, असं त्याच्या तोंडावर सांगितल्यासारखं ते होतं. म्हणून शहाणं माणूस मागत नाही. गप्प बसतं, आणि येतं ते घेतं.

वरच्या कुंपणापाशी घर असलेली सुन्वा याच मातीतली. तिचा बाप समुद्रात बुडाला तेव्हा ती शाळेत होती. त्या आठवड्यात घरातला फ्रीजर माशांनी आणि मटणाने इतका भरला की झाकण बसेना. शेवटी आईने, एल्स्पाने, त्यावर दगड ठेवला. कुणी सांत्वनाचा शब्द काढला नाही, आणि एल्स्पानेही कुणापुढे डोळ्यांतून पाणी काढलं नाही. सुन्वाने ते पाहिलं आणि माणसाने कसं राहावं हे तिला कळलं, निदान तिला तसं वाटलं.

पुढे ती खाडीकाठच्या माशांच्या कारखान्यात लागली. सुरी हातात आली की माशाचा काटा कधी वेगळा झाला ते माशालाही कळू नये, असा तिचा हात. बोलणं मात्र नावाला. कारखान्यातल्या बायका म्हणत, "सुन्वा बोलली तर मेलेला मासासुद्धा मान वळवून बघेल." लग्न केलं ते हानुसशी. तो मोठ्या जहाजावर, उत्तरेच्या समुद्रात महिनोन्‌महिने. घरी असला की दोघांच्या वाटचं तोच बोलायचा. "आमच्या घरात भांडण होतच नाही," तो सांगायचा, "मी दोन्ही बाजूंनी बोलतो आणि नेमका हरतो."

सातवा महिना संपत असताना एका सकाळी कारखान्यात, हातात सुरी असतानाच, सुन्वाला कळा सुरू झाल्या. सुरी धुतली, जागच्या जागी ठेवली आणि मगच ती खाली बसली. बोटीने तोर्शाव्नला, बेटांच्या राजधानीला नेलं, तिथे मुलगी झाली. आजेसासूचं नाव ठेवलं, बाइंता. ओल्या मांजराच्या पिल्लासारखी, कातडीखालून निळ्या शिरा दिसणारी. फुप्फुसं कच्ची, आतडी नाजूक. इथे आमच्याच्याने होणार नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले, आणि पोरीला विमानाने कोपनहेगनला हलवलं. सुन्वा मागून गेली. हानुस जहाजावर, जहाज बर्फाच्या कडेला. बंदराला लागायला अजून बराच अवकाश होता.

कोपनहेगनच्या त्या हॉस्पिटलात काही वाईट माणसं नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मशीनं चांगली, डॉक्टर हुशार, नर्सबाई इंगर तर हसऱ्या तोंडाची आणि मऊ हाताची. पहिल्याच दिवशी तिने सुन्वाला दूध काढायचं यंत्र दाखवलं, डेन्मार्कच्या भाषेत भराभर समजावलं आणि म्हणाली, "काही लागलं तर सांगा हं."

सांगा हं. त्या दोन शब्दांत सगळं होतं, पण सुन्वाला ते ऐकू आलं नाही. तिच्या लेखी ते नुसतं निरोपाचं बोलणं होतं, आपण "थंडी आहे" म्हणतो तसं. लागलं की येतीलच, ती समजली. पडदा उघडला नाही की येतात तशा.

यंत्राची वाटी तिला लहान होत होती. दूध काढताना डोळ्यांपुढे काजवे चमकत. दुसऱ्या दिवशी बाटलीत गुलाबी धार उतरली, रक्ताची. सुन्वाने ती बाटली धुऊन टाकली. असंच असतं असेल, तिने मनाशी धरलं. सगळ्याच बायकांना दुखत असेल, आपण कशाला कौतुक सांगावं.

बाइंताला उबेसाठी काचेच्या पेटीत ठेवलेलं, आणि शेजारच्या तशाच पेटीत मेटे नावाच्या बाईचा मुलगा होता. मेटे शहरातलीच, शाळेत शिकवणारी, आणि तोंडाचा पट्टा कायम सुटलेला.

"इंगर, हे यंत्र मला करकचून चावतंय, दुसरं द्या."

"डॉक्टर, तुम्ही आत्ता जे बोललात ना, ते परत बोला. आणि या वेळी माणसाच्या भाषेत."

"मला पाठ टेकता येईल अशी खुर्ची हवी. ही खुर्ची बनवणाऱ्याला पाठ नसावी."

आणि गंमत बघा, मेटेला दुसरं यंत्र मिळालं, खुर्ची मिळाली, आडोशाला पडदा मिळाला. स्तनपान शिकवणारी बाई रोज तिच्याकडे येऊन बसायची. वॉर्डाला लागून आयांसाठी मोजक्या खोल्या होत्या, त्यातलीही एक मिळाली, कारण मेटेच्या नवऱ्याने पहिल्याच सकाळी तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. सुन्वा मात्र बेटांवरून येणाऱ्या रुग्णांसाठीच्या घरात उतरलेली. सकाळी बसने यायची, संध्याकाळी बसने जायची, आणि रात्रभर पोर तिच्याविना असायची.

सुन्वा बघत होती सगळं. तिला मेटेचा हेवा वाटला नाही, उलट तिच्यासाठी लाज वाटली. बिचारीला मागावं लागतंय, तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. आणि त्याच विचाराचं टोक हळूहळू स्वतःकडे वळलं. आपल्यालाही कुणी काही आणून देत नाही. आपली गरज यांना दिसत नाही असं तर होणार नाही, एवढे डोळे यांना आहेत. म्हणजे दिसतंय, आणि तरी देत नाहीत. म्हणजे आपणच काहीतरी कमी आहोत. यांना ते कळलंय आणि सभ्यपणाने बोलत नाहीत इतकंच.

दूध आटत चाललं. बाटलीच्या तळाला नुसता पिवळा ओघळ दिसू लागला. इंगर एकदा मायेने म्हणाली, "ताण घेऊ नका. दूधपेढीत दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध आहे, पावडर आहे. बाळाचं अडत नाही."

बाळाचं अडत नाही. सुन्वाने ते जसं ऐकलं तसं ते म्हटलं गेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ती पेटीच्या गोल भोकांतून हात घालेनाशी झाली. बाइंताला नळ्या होत्या, तारा होत्या, एक चिमुकली लोकरीची टोपी होती, आणि त्यातली एकही गोष्ट सुन्वाने दिलेली नव्हती. ती खुर्चीत कोट अंगावरून न काढता बसायची, आत्ता बस येणार असल्यासारखी. वॉर्डात सगळे म्हणायचे, बेटांवरची ती आई किती शांत आहे.

एल्स्पाचा रोज फोन यायचा.

"कसं आहे?"

"चाललंय."

"दूध?"

"चाललंय."

"जेवलीस?"

"चाललंय."

तिसऱ्या "चाललंय"ला एल्स्पाने फोन ठेवला आणि कपाटावरून प्रवासाची पेटी काढली. तिने बेटांबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं. विमानतळावर तिच्या सामानात हवेवर वाळवलेल्या मटणाची तंगडी निघाली, वर्षभर वारा खाल्लेली, वास असा की तपासणारा पोरगा दोन पावलं मागे सरला. "बाई, हे सडलंय," तो म्हणाला. "तुला काय कळतंय, आज कुठे ते खाण्याजोगं झालंय," एल्स्पा म्हणाली आणि पेटी बंद केली.

वॉर्डात ती दार न वाजवता आली. त्याआधी डॉक्टरांच्या एका बैठकीत न वाजवता शिरली होती, तिथे सगळ्यांना "दिवस चांगला जावो" म्हणून पुढचं दार उघडलं होतं. हात धुतले, काचेच्या पेटीवर वाकून नातीकडे बराच वेळ पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. कोटाकडे पाहिलं.

"थंडी आहे का इथे?"

"नाही."

एल्स्पाने स्वेटरचं विणकाम काढलं आणि शेजारी बसली. सबंध दुपार तिच्या सुया चालू होत्या. पलीकडे मेटेचं चालूच होतं. तिने उशी मागितली, आली. पाणी मागितलं, आलं. दूध शिकवणारी बाई पुन्हा एकदा आली आणि तिच्यापाशी बसून राहिली.

"त्या बाईला सगळं कसं मिळतं?" एल्स्पाने हळूच विचारलं.

"ती मागते."

"मागते? सगळ्यांदेखत?"

"हो."

"आणि लोक देतात?"

"देतात."

एल्स्पाच्या सुया थांबल्या. "मग तुला?"

सुन्वा उठून बाहेर व्हरांड्यात गेली. एल्स्पा मागून. तिथे एक मोठी खिडकी होती, खाली सायकलींची रांग. सुन्वा काचेला कपाळ टेकून उभी राहिली, आणि जन्मात बोलली नसेल इतकं सलग बोलली.

"आई, पोरीला माझी ओळख नाही. मी गेले की तिचं काही अडत नाही, मी आले की काही वाढत नाही. दूध नाही माझ्यात. ह्या बायका सगळं बघतात, मला काही देत नाहीत, म्हणजे त्यांना ठाऊकच असणार. मला रोज वाटतं, मी नसले तर ती बरी होईल. बसमध्ये बसते ना, तेव्हा वाटतं उतरूच नये. शेवटपर्यंत जावं, जिथे पाणी लागेल तिथे."

समुद्राने जिचा नवरा नेला तिला पाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एल्स्पाने लेकीचा दंड धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

"तुझ्या थोरल्या भावाच्या वेळी," ती शेवटी म्हणाली, "मी सबंध हिवाळा खिडकीत बसून होते. पोर पाळण्यात रडायचं आणि मला ते शेजारच्या घरात रडतंय असं वाटायचं. गावाने पाहिलं. केक आणले. इतके केक आणले, सुन्वा! आणि एकीनेही बसून विचारलं नाही की तुझ्या डोक्यात काय चाललंय. केक ठेवायच्या आणि जायच्या. मी पण सांगितलं नाही. मला वाटायचं, कळलं असतं तर बोलल्या असत्या."

"मग?"

"मग वसंत आला. मेंढ्यांना पिल्लं झाली, काम आलं. ते गेलं आपोआप. पण आपोआप जाईल म्हणून तुला मी ह्या खिडकीत ठेवणार नाही."

असं म्हणून एल्स्पा वळली आणि नर्सांच्या टेबलाकडे चालू लागली. नवरा बुडाला तेव्हा जिने कुणाकडे काडेपेटी मागितली नव्हती, ती बाई. चालताना तिच्या कानशिलापर्यंत लाली चढली होती, कारण तिच्या मते ती आता या सगळ्या चांगल्या माणसांना तोंडावर आंधळं म्हणणार होती. त्यात तिची डॅनिश भाषा शाळेतली आणि प्रार्थनेच्या पुस्तकातली, जशी पुस्तकात लिहिलेली तशीच उच्चारलेली.

"हे भगिनी," ती इंगरला म्हणाली, "क्षमा असावी. मी आपणांकडे याचना करण्यास आले आहे. माझ्या कन्येचा जीव अंधारात आहे. तिच्या स्तनांस जखमा आहेत आणि तिचे मन मृत्यूकडे ओढ घेत आहे. आम्हांस साहाय्य हवे आहे."

टेबलाजवळची एक शिकाऊ नर्स हसणार होती, तिचं हसू तोंडातच राहिलं. इंगर उठून उभी राहिली.

"अहो, पण मग आधी का नाही सांगितलंत? आम्हाला वाटलं तिला एकटं राहायला आवडतं. इतकी शांत असते ती."

"आमच्या गावी," एल्स्पा म्हणाली, "शांत आहे त्याच्याकडे आधी जातात."

 इंगरने खरं तेच सांगितलं, त्यासाठी तिचं कौतुक करायला हवं. "इथे जी बोलावते तिच्याकडे आम्ही जातो. आम्ही थोड्या आहोत आणि बाळं पुष्कळ. जी बोलावत नाही तिचं बरं चाललंय असं धरून चालतो. चुकतं आमचं. पण तसंच होतं."

त्या दुपारीच सुन्वाला आत बसवून जखमांना मलम दिलं, यंत्राची मोठी वाटी आणली. मनाच्या आजारांची एक डॉक्टर आली, बेटांची भाषा समजणारा दुभाषा फोनवर घेतला. ती बाई पहिल्यांदा केवळ बसून राहिली, आणि घाई करत नाही हे दिसल्यावर सुन्वा थोडं थोडं बोलली. पाण्याचंही सांगितलं. डॉक्टर दचकली नाही. हा आजार आहे, ती म्हणाली, बाळंतपणानंतर येतो, पोर काचेच्या पेटीत असलेल्या आयांना जास्त येतो, आणि याला औषध आहे. आणि तोवर एकटीने बसमध्ये बसायचं नाही. वॉर्डाशेजारची खोली तेव्हा रिकामी नव्हती. ती होईपर्यंत एल्स्पा रोज लेकीबरोबर जायची आणि यायची, बसमध्ये खिडकीच्या बाजूला स्वतः बसायची.

सगळं लगेच सुधारलं असं लिहायला हात धजावत नाही, कारण सुधारलं नाही. दूध थोडं वाढलं, पुरेसं कधीच झालं नाही. जे पहिले दिवस गेले ते गेलेच. सुन्वा गोळ्या घ्यायची, झोपायची, पण पेटीत हात मात्र घालत नव्हती. बाळाला उघड्या छातीवर घ्यायचं असतं, त्याने दोघींना बरं वाटतं, दूधही उतरतं, असं इंगरने दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा सुन्वा म्हणाली, "उद्या." तिसऱ्या वेळी इंगर एल्स्पाकडे वळली, तशी एल्स्पाच म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? माझं मागून झालं. एका बाईने जन्मात किती मागावं?"

मेटे पडद्यामागून सगळं ऐकत होती. तिला न ऐकणं जमतच नसे. तिचा मुलगा आता घरी जाण्याजोगा झाला होता. ती पडदा सारून म्हणाली, "सुन्वा, मी इथे सगळ्यांच्या डोक्याला ताप दिला ना?"

"दिलास," सुन्वा म्हणाली.

"मला पहिल्या दिवशी इतकी भीती वाटत होती की गप्प बसले असते तर किंचाळलेच असते. म्हणून बोलत राहिले. खुर्ची मला नको होती गं. कुणीतरी यावं एवढंच हवं होतं."

सुन्वाने तिच्याकडे पाहिलं. एवढे दिवस ही बाई तिला धीट वाटली होती.

ती बाइंताच्या पेटीपाशी जाऊन उभी राहिली. आत पोर झोपेत ओठ चोखत होती, कशालाच न धरता. सुन्वाने कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग ती इंगरकडे वळली. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. बेटांच्या भाषेतच बोलली, डॅनिश त्या क्षणी सापडली नाही, पण इंगरला कळलं.

"मला तिची भीती वाटते," ती म्हणाली. "मला तिला धरायचंय. मला मदत करा."

तारा सोडवायला, नळ्या सांभाळायला वेळ लागला. पोर छातीवर आली तेव्हा ती इतकी हलकी होती की सुन्वाला आधी वजन जाणवलंच नाही, फक्त ऊब जाणवली, आणि मग त्या उबेच्या आतली धडधड, फार घाईची. बाइंताने तोंड उघडलं, एकदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली, आणि मग तिला स्तनाग्र सापडलं. चार घोट घेतले असतील. मग दमली आणि तिथेच झोपली, गालाला दुधाचा थेंब तसाच.

"एवढंच?" सुन्वाने घाबरून विचारलं.

"एवढंच," इंगर म्हणाली. "बाकीचं नळीने देऊ. तुम्ही बसा अशाच."

"किती वेळ बसू?"

"हवं तेवढा वेळ."

सुन्वा मागे रेलली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. एल्स्पाने पुसलं, अर्धवट विणलेल्या स्वेटरच्या बाहीने, आणि पिशवीतून तंगडी काढून तिचा पातळ काप लेकीच्या तोंडात दिला. वॉर्डभर वास सुटला.

"देवा रे!" मेटे पडद्यामागून म्हणाली. "काय मेलंय तिकडे?"

"मेंढी," सुन्वा तोंडात घास असतानाच म्हणाली. "मागच्या वर्षी. तुला हवीय का?"